संगणकाच्या रोजनिशीतील लाल खुणा
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या बिघाडावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मैत्रिणी कदाचित हसतीलही. परंतु हा विषय मला सुचला तो इतिहासाच्या तासाला. साधनांची चिकित्सा शिकविताना सरांनी सांगितले होते, की कोणताही जुना कागद हाती आला की त्यास प्रथम तीन प्रश्न विचारावेत. तो कोणी लिहिला? केव्हा लिहिला? आणि लिहिणाऱ्याला ती घटना प्रत्यक्ष ठाऊक होती, की मागाहून कळली? आपल्या शिवनेरीवर झालेल्या शिवजन्माची तिथी ठरविताना पुष्कळ उशिरा लिहिल्या गेलेल्या बखरींपेक्षा जेधे शकावलीतील नोंदीला अभ्यासकांनी अधिक वजन दिले, ते अशाच प्रश्नांमुळे. आंबेगाव तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रातला संगणक वारंवार बंद पडू लागला, तेव्हा हेच तीन प्रश्न मला त्या संगणकाने स्वतः लिहिलेल्या वहीला विचारता आले. प्रस्तुत लेख त्या वहीविषयी आहे.

विंडोज प्रणालीवर चालणारा प्रत्येक संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. संगणक केव्हा सुरू झाला, केव्हा बंद झाला, कोणती सेवा सुरू होता होता अडली, कोणत्या भागाने वेळेवर उत्तर दिले नाही, हे सारे तारीख-वेळेसह तीत उतरते. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचे खोलीभर पसरलेले गणकयंत्र होते, त्याच्या चालकांची एक हाताने लिहिलेली वही असे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्र अडले, शोध घेता ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला, आणि चालकांनी तो मेलेला पतंगच चिकटपट्टीने वहीत डकवून ठेवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याही आधीची, पण ग्रेस हॉपर या विदुषींनी ही हकिकत पुढे अनेकदा सांगितल्यामुळे ती प्रसिद्ध झाली. मला त्या नोंदीचे कौतुक निराळ्या कारणासाठी वाटते. तीत वेळ आहे, जागा आहे, कारण आहे आणि पुरावाही आहे. आजचा संगणक स्वतःविषयी लिहितो तेव्हा वेळ व जागा देतो, कारण मात्र क्वचितच देतो. ते आपण काढावयाचे असते.

विंडोजमध्ये ही रोजनिशी १९९३ साली एनटी या आवृत्तीपासून आली. ती वाचण्याच्या खिडकीचे नाव इव्हेंट व्ह्यूअर. कळफलकावरील विंडोजची खूण असलेली कळ आणि एक्स ही कळ एकदम दाबली की एक यादी उघडते, तीत हे नाव सापडते. उघडल्यावर डाव्या बाजूस ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’ असे दिसेल. बिघाडाच्या शोधाला हाच भाग बहुतेक वेळा पुरतो. प्रत्येक ओळीत नोंदीची प्रत, तारीख-वेळ, लिहिणाऱ्याचे नाव म्हणजे ‘सोर्स’, आणि एक क्रमांक म्हणजे ‘इव्हेंट आयडी’ असतो. प्रती मुख्यतः चार आहेत. ‘क्रिटिकल’ व ‘एरर’ यांना लाल खूण, ‘वॉर्निंग’ला पिवळा त्रिकोण, आणि ‘इन्फर्मेशन’ म्हणजे साधी माहिती. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे काहींनी ११ घेतली असेल, काहींनी नसेल; ही वही दोन्हींत सारखीच आहे.

आता त्या केंद्राकडे वळते. आमच्याही घरचे दूध तेथेच जाते, म्हणून प्रकरण जवळचे. सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी साडेपाच ते साडेसात असे दोन वेळा दूध घेतले जाते. कॅन वजनकाट्यावर चढतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ निघतात आणि संगणक त्यावरून दर लावून खातेदाराच्या नावे रक्कम टाकतो. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तो याच नोंदींवरून. नियमित दूध घालणारी सुमारे एकशेतीस खाती आहेत. सकाळच्या ऐन गर्दीत संगणक एकाएकी बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होई, आणि त्या क्षणी काट्यावर असलेल्या एक-दोन बायांची नोंद गळून जाई. त्या शपथेवर सांगत, की आम्ही दूध घातले, पावती नसे. लिटर दीड लिटरवरून भांडणे होत. एका आजींनी तर केंद्रच सोडले आणि दोन किलोमीटर चालत दुसऱ्या गावी दूध न्यायला लागल्या.

केंद्राच्या सचिवांना आम्ही अण्णा म्हणतो. ते म्हणाले, “पोरी, एक आठवडा कसा गुणी बाळासारखा चालतो, अन् दुसऱ्या आठवड्यात अंगात आल्यागत करतो. दोनदा फॉरमॅट मारला, रॅम बदलली. आता म्हणतात बोर्ड गेला, नवाच घ्या.” नव्याचा खर्च खातेदारांच्याच पैशातून जाणार होता.

मी इव्हेंट व्ह्यूअर उघडले तेव्हा पान लालेलाल होते. अण्णांना ते पाहून घामच फुटला. माझे पहिले काम सोपे होते: शेवटच्या २१ दिवसांतील लाल आणि पिवळ्या नोंदी क्रमांकांनुसार वेगळ्या करून वहीत मोजणे. ‘फिल्टर करंट लॉग’ या सोयीने हे अर्ध्या तासात होते. सर्वांत अधिक म्हणजे २१२ नोंदी १००१६ या क्रमांकाच्या होत्या. त्याखालोखाल ७००९ आणि ७०००. कर्नल-पॉवर ४१ ही ‘क्रिटिकल’ नोंद दहा वेळा, ६००८ ही दहा वेळा. आणि तळाशी, कोणाचे लक्ष जाणार नाही अशी, ‘डिस्क’ने लिहिलेली १५३ क्रमांकाची पिवळी नोंद, अठरा वेळा.

आपली पहिली ओढ असते ती सर्वांत जास्त वेळा आलेल्या नोंदीकडे. ती येथे वाट चुकविते. १००१६ ही नोंद डिस्ट्रिब्युटेडकॉम नावाचा विंडोजचा भाग लिहितो. विंडोजचाच एक घटक दुसऱ्याकडे एका पद्धतीने परवानगी मागतो, ती नाकारली गेली की दुसऱ्या पद्धतीने मागतो आणि काम उरकतो. पहिला नकार तेवढा वहीत उतरतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे, की ही नोंद अपेक्षित आहे, कामाला बाध येत नाही, दुर्लक्ष करावे. तरीही ती घालविण्यासाठी परवानग्यांशी खेळत बसणारे लोक आहेत. त्यातून चांगले चाललेले काही बिघडण्याचाच संभव अधिक. मी त्या २१२ नोंदींवर सरळ रेघ मारली.

७००९ आणि ७००० ही जोडी होती. एखादी सेवा सुरू होण्यास सांगितले, तिने ३०००० मिलिसेकंदांत म्हणजे अर्ध्या मिनिटात उत्तर दिले नाही, असे पहिली म्हणते. म्हणून ती सुरू झाली नाही, असे दुसरी म्हणते. नोंदीत सेवेचे नाव दिलेले असते. येथे ते एका जुन्या प्रिंटरचे निघाले, जो प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता. ‘सर्व्हिसेस’च्या यादीत ती सेवा ‘डिसेबल’ केल्यावर दोन्ही नोंदी थांबल्या. संगणक बंद पडण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

उरल्या ४१ आणि ६००८. येथे सरांचे प्रश्न उपयोगी पडले. ४१ ही नोंद सांगते, की यापूर्वी संगणक रीतसर बंद झालेला नव्हता. पण ती लिहिली केव्हा जाते? वीज गेलेल्या क्षणी लिहिणारा हात उरलेलाच नसतो. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्याला मागचा व्यवहार अपुरा दिसतो, तेव्हा तो ही नोंद करतो. म्हणजे ४१ समोरची वेळ ही सुरू होण्याची वेळ आहे, पडण्याची नव्हे. इतिहासाच्या भाषेत ही उत्तरकालीन नोंद. ६००८ हीदेखील मागाहूनच लिहिली जाते, पण तिच्या मजकुरात ‘आधीचे बंद होणे अमुक वाजता अनपेक्षित होते’ असे असते. ती वेळ संगणक जिवंत असताना मधूनमधून टिपून ठेवलेली असते, म्हणून पुष्कळ खरी; काही मिनिटांचा फरक पडू शकतो एवढेच. तेव्हा मी ४१ समोरच्या वेळा सोडून दिल्या आणि ६००८ च्या मजकुरातील वेळा एकाखाली एक लिहिल्या.

दहापैकी नऊ वेळा सकाळी सात वाजून दहा ते वीस मिनिटांच्या आत होत्या. आणि नवांपैकी एकही दुसऱ्या आठवड्यातील नव्हती. पाच पहिल्यात, चार तिसऱ्यात. अण्णांनी म्हटलेला एक आठवडा बरा, एक आठवडा वाईट हा प्रकार कागदावर स्वच्छ उमटला.

शेतकऱ्याच्या घरातील कोणालाही आठवड्याआड बदलणारी गोष्ट एकच आठवेल: थ्री फेज. त्या काळात आमच्या भागात शेतीपंपांची वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री अशी पाळीने येत होती, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात ती सकाळी सातनंतर सुरू होई. केंद्र गावठाणात नाही, मळ्याच्या बाजूला आहे. त्याची वीज पंपांच्याच डीपीवरून येते. कालव्याला डिंभ्याचे पाणी सुटलेले होते. बहुतेक पंपांना ऑटो स्टार्टर बसविलेले, म्हणजे थ्री फेज आली रे आली की मालक घरी चहा पीत असताना मळ्यातले सारे पंप एकदम सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, आणि तो सारा भार एका डीपीवर एका क्षणी पडला की दाब खाली बसतो.

“पण आपल्याकडे इन्व्हर्टर आहे की,” अण्णा म्हणाले. “दिवासुद्धा लवत नाही.” हा आक्षेप बिनतोड होता आणि त्याचे उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले.

घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा एक छोटा खटका असतो. एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे लिहिलेले असते. यूपीएसच्या बाजूला असताना दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो. नॉर्मलच्या बाजूला तो पार १०० व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत वाट पाहतो आणि तोवर आहे तीच कमजोर वीज पुढे पाठवितो. शिवाय बदल करण्यासही त्याला अधिक वेळ लागतो. आपल्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची. संगणकाची वीजपेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल अशी बनविण्याचा संकेत आहे, आणि स्वस्तातली तितकीही धरत नाही. एलईडी दिव्याचे तसे नाही. पुष्कळसे दिवे शंभर-सव्वाशे व्होल्टवरही तसेच जळत राहतात. म्हणून दिवा लवत नव्हता आणि संगणक पडत होता. खटका पाहिला, तो नॉर्मलवर होता.

याला आणखी एक आधार वहीतच होता. ४१ च्या नोंदीत ‘डिटेल्स’ नावाचा भाग उघडला तर ‘बगचेककोड’ नावाची संख्या दिसते. विंडोज स्वतः चुकून निळा पडदा दाखवून बंद पडली असेल, तर तेथे बहुधा शून्याहून निराळी संख्या असते, उदाहरणार्थ १५९, आणि त्या संख्येवरून दोष कोणत्या जातीचा ते काढता येते. तेथे शून्य असेल तर विंडोजला काही कळण्यापूर्वीच कारभार आटोपला, म्हणजे वीज गेली किंवा यंत्र पार गोठले. आमच्या दहाही नोंदींत शून्य होते. बोर्ड, रॅम किंवा व्हायरस यांनी संगणक ठरावीक वेळी आणि एक आठवडा सोडून बिघडावा याला काही कारण दिसत नव्हते.

अण्णांना एवढेच सांगितले, की खटका यूपीएसकडे करावा आणि तीन आठवडे दुसरे काहीही बदलू नये. हे ‘दुसरे काहीही’ महत्त्वाचे. यापूर्वी रॅमही बदलली, फॉरमॅटही केले, जागाही हलविली, आणि योगायोगाने पुढचा आठवडा रात्रपाळीचा आला की ज्याने जे केले त्याला त्याचे श्रेय मिळून जाई. तीन आठवडे म्हणजे दिवसपाळी, रात्रपाळी आणि पुन्हा दिवसपाळी. त्या तीन आठवड्यांत ६००८ ची एकही नोंद झाली नाही. यूपीएसकडे खटका ठेवल्याने बॅटरी वारंवार वापरली जाते व थोडी लवकर झिजते, हा तोटा आहे. तो अण्णांनी मान्य केला. दहावी नोंद मात्र दुपारची होती, तेव्हा केंद्र बंद असते. तिच्या डिटेल्समध्ये ‘पॉवरबटनटाइमस्टँप’ यासमोर शून्याऐवजी लांबलचक आकडा होता. म्हणजे कोणीतरी बटण दाबून धरून संगणक बंद केला होता. अण्णांच्या नातवाने दुसऱ्याच दिवशी कबुली दिली.

आता त्या पिवळ्या त्रिकोणाकडे यावयाचे. लाल नोंदींच्या गर्दीत तो बिचारा मागे राहतो, आणि मला वाटते या साऱ्या प्रकरणात खरी भीतीची गोष्ट तीच होती. १५३ क्रमांकाची नोंद म्हणते, की डिस्कवरील अमुक ठिकाणी वाचन किंवा लेखन पुन्हा करावे लागले. पहिल्यांदा उत्तर आले नाही, पुन्हा विचारले, तेव्हा आले. काम झाले म्हणून तिला लाल खूण मिळत नाही. एखाद-दुसरी आली तर विशेष नाही. पण आमच्या अठरा नोंदींची विभागणी पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात अकरा अशी होती. दिवसपाळी-रात्रपाळीशी तिला देणेघेणे नव्हते. ती फक्त वाढत होती. खटका बदलल्यावरही ती थांबली नाही.

डिस्कच्या तक्रारीत आधी स्वस्त उपाय करून पाहावा. डिस्क व बोर्ड यांना जोडणारी केबल सैल किंवा खराब झाली तरी अशा नोंदी येतात. तत्पूर्वी एक काम मात्र त्याच दिवशी केले: एकशेतीस खात्यांचा सारा हिशोब पेनड्राइव्हवर उतरविला आणि त्याची दुसरी प्रत अण्णांच्या मुलाच्या संगणकावर ठेवली. मग नवी केबल घातली. चार दिवसांत पुन्हा १५३, आणि पाठोपाठ ७ क्रमांकाची लाल नोंद आली, जी डिस्कवर खराब जागा असल्याचे सांगते. तेव्हा एसएसडी घेतली. नव्या संगणकाच्या मानाने तो खर्च फारच थोडा होता. जुनी डिस्क त्यानंतर दोनदाच उघडली आणि मग टकटक आवाज करीत बसली. हिशोबाच्या प्रती झालेल्या नसत्या तर त्या दहा दिवसांचा पगार कोणत्या आधारावर वाटला असता, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्यांना अशी ७, ११, ५१ किंवा १५३ क्रमांकाची ‘डिस्क’ची नोंद पुन्हा पुन्हा दिसेल, किंवा एनटीएफएसची ५५ दिसेल, त्यांनी बाकी सारे वाचन थांबवून आधी आपल्या फायलींची प्रत करावी.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीचा ठेका पकडून तिच्या उगमापर्यंत जाण्याची ही रीत आपल्याच परिसरात फार मोठ्या प्रमाणावर चालते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण शाळेतून गेले असतील. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की जवळपासच्या वीजवाहिनीवर एखाद्या सैल जोडावर किंवा खराब इन्सुलेटरवर ठिणगी उडाली तरी तिचा गोंगाट त्यांना झाकून टाकतो. हा गोंगाट ओळखता येतो तो त्याच्या ठेक्यावरून. वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो १० किंवा २० मिलिसेकंदांच्या अंतराने परत परत येतो. आकाशातल्या ताऱ्याला आपल्या वीजमंडळाचे वेळापत्रक पाळण्याचे कारण नाही. ठेका कळला की उगम जमिनीवर शोधावयाचा आणि तो जोड दुरुस्त करवून घ्यावयाचा. अण्णांच्या केंद्रात ठेका मिलिसेकंदांचा नसून आठवड्यांचा होता, इतकाच फरक.

एक सावधगिरीची गोष्ट येथेच सांगते, कारण या लाल खुणांचे भय विकणारेही लोक आहेत. फोन येतो, ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहे, तुमच्या संगणकातून आमच्याकडे त्रुटी येत आहेत.’ विश्वास बसावा म्हणून ते तुमच्याच हाताने इव्हेंट व्ह्यूअर उघडावयास लावतात. तेथे लाल खुणा दिसतातच. उत्तम चालणाऱ्या संगणकातही त्या असतात, नुसत्या १००१६ च कितीतरी निघतील. घाबरलेल्या माणसाकडून मग संगणकाचा दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम बसवून घेतात आणि पुढे बँकेचा व्यवहार. या धंद्याचे बळी बरेचसे परदेशातील वृद्ध असतात, आणि ते करणाऱ्या काही टोळ्या आपल्याच देशातून काम करतात ही लाजेची बाब आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने घातलेल्या छाप्यांत, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून, अशा खोट्या तंत्रसाहाय्य केंद्रांवरही कारवाई झाली. मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला असा फोन करीत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडविता येण्याची आशा जास्त.

दोन बारकावे राहिले. पहिला घड्याळाचा. बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती संपली की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते, आणि इंटरनेट मिळेपर्यंतच्या नोंदी भलत्याच वर्षी पडतात. रोजनिशीत तारखा मागे-पुढे उड्या मारताना दिसल्या, किंवा कर्नल-जनरलची १ क्रमांकाची, घड्याळ बदलल्याची नोंद मोठा फरक दाखवीत असेल, तर आधी ती बॅटरी बदलावी. चुकीच्या तारखांवरून काढलेला कोणताही ठेका खोटा ठरेल.

दुसरा बारकावा वही टिकविण्याचा. सिस्टिमच्या रोजनिशीला मुळात २० एमबी इतकीच जागा दिलेली असते. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिल्या जातात. आणि संगणक फॉरमॅट केला तर वही समूळ जाते. अण्णांच्या संगणकाचे दोनदा तसे झाले होते, म्हणून त्याआधीच्या कित्येक महिन्यांविषयी मला काहीच सांगता आले नाही. आपल्याकडे दुरुस्तीला दिलेला संगणक बहुधा फॉरमॅट होऊनच परत येतो. तेव्हा तो देण्यापूर्वी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डाव्या बाजूच्या ‘सिस्टिम’वर उजवी कळ दाबावी, ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’ निवडावे आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. ती दुसऱ्या कोणत्याही विंडोज संगणकावर उघडते, आणि दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.